चेपायचे कुणी?

टक्कर हा शब्द आपण भांडणाच्या घरचा मानतो. पदार्थविज्ञानाला मात्र त्यात राग-लोभ दिसत नाही. दोन वस्तू भेटल्या आणि एकमेकींना ढकलून गेल्या, एवढाच त्याचा अर्थ. 1668-69 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या प्रश्नाची उत्तरे आली. वॉलिस यांनी न उसळणाऱ्या वस्तूंचा विचार केला, तर रेन आणि हायगेन्स यांनी उसळून परतणाऱ्यांचा. अस्थितिस्थापक आणि स्थितिस्थापक टकरींचा हा संसार तेव्हापासून पाठ्यपुस्तकात चालला आहे.

सुट्टीत कॅरम मांडाल तेव्हा पाहा. एक सोंगटी दुसरीवर नेमकी समोरून आदळली, की पहिली जवळजवळ थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन निघते. चेपले कुणीच नाही. तरी 'टक्' असा आवाज झाला, म्हणजे थोडी ऊर्जा खर्ची पडलीच.

आमच्या नंदुरबारवरून सुरत-भुसावळ लोहमार्ग जातो. मालगाडीचा चालता डबा तेवढ्याच वजनाच्या उभ्या डब्याला भिडून जोडला गेला, तर दोघे मिळून निम्म्या वेगाने सरकतात. संवेग होता तेवढाच राहतो. गतिज ऊर्जा मात्र निम्मी उरते. बाकीची धक्क्यात, आवाजात आणि उष्णतेत जाते. जोडले जाण्याची ती किंमत होय.

जो कुणालाही भेटून जसाच्या तसा परततो, त्याला आपण खंबीर म्हणतो. मला तो नुसता कडक वाटतो. पण 'जुळवून घ्या' म्हणणाऱ्यांचेही मला पुरते पटत नाही. ओल्या मातीच्या गोळ्यावर दगड पडला, तर दोघे एकत्र येतात खरे. खड्डा मात्र मातीलाच पडतो.

आमच्या वर्गात धडगावकडचे पोर पावरी बोलत येते, नवापूरकडचे मावची, तर कुणी अहिराणी. सगळ्यांची गाठ पुस्तकी मराठीशी पडते. वर्षअखेर आम्ही मास्तर समाधानाने म्हणतो, पोर रुळले. पण रुळताना चेपले कोण? मास्तराने पावरीचे चार शब्द शिकावेत, पहिल्या दिवशी ते चुकीचे उच्चारावेत आणि पोरांना खुशाल हसू द्यावे. ते हसणे म्हणजे त्याच्या वाट्याचा खड्डा. तो पडला तरच दोघे जोडले गेले असे मी मानीन.

टकरीत किती ऊर्जा गेली, हे शास्त्र चोख सांगते. ती कुणाच्या अंगावर जावी, हे ते ठरवीत नाही. जो मऊ तो चेपतो, एवढेच त्याला ठाऊक. दगडाला मनात आणूनही मऊ होता येत नाही. माणसाला येते, म्हणून तर त्याला जाब विचारता येतो.

तेव्हा वाचकहो, यंदा घरात नवी सून आली असेल, तर तिला आपल्या अनारशांची रीत जरूर शिकवा. पण तिच्या माहेरची रीतही विचारा आणि एक घाणा तसाच तळा.