युनिट म्हणजे काय, उभे राहून सांगा

दहावीच्या बाकावर बसवून मी तुम्हाला विजेचे प्रकरण शिकवले. एक किलोवॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, हे तुम्ही पेपरात बिनचूक लिहिलेत आणि त्याचे गुणही घेतलेत. आज तुमची स्वतःची घरे आहेत, मुले आहेत, गच्चीवर टाक्या आहेत. तुमच्या घराला दिवसाला किती युनिट लागतात, असे विचारले तर एकाच्याही तोंडून आकडा निघत नाही. मग शिकलात काय?

लाइट गेली की तुम्ही 1912 ला फोन लावता, नाही लागला की बोर्डाच्या नावाने बोटे मोडता. बोर्डाच्या चुका असतील, त्या त्यांना जरूर सांगा. पण अंधार होणार हे माहीत असूनही तुम्ही जी तयारी केली नाहीत, त्याचा जाब मी तुम्हालाच विचारणार.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे अंधारात काढावे लागले. विहिरीत पाणी होते, पण ते काढायला घरात दोर नव्हता. पंप बसला तेव्हाच कप्पी काढून भंगारात घातली होती. म्हाताऱ्या माणसांनी शेजारच्या वाडीतून कळश्या वाहिल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला झोडपून गेले. शहरातल्यांनी मान फिरवू नये. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि उंच इमारतींतली लिफ्ट व पाणी दोन्ही बंद पडले. इतके होऊनही किती जणांच्या घरी आज दोर आणि बादली आहे?

आता हिशेब. तुमच्या जिन्याखालची बॅटरी 150 अँपिअर-तासांची, 12 व्होल्टची. गुणाकार करा. 1,800 वॉट-तास, म्हणजे 1.8 युनिट. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, तर हाताशी उरले जेमतेम 0.9 युनिट. दोन साधे पंखे 150 वॉट, चार एलईडी दिवे 36 वॉट. इन्व्हर्टरमध्ये जाणारी वीज धरली तर चार तास चालेल. त्यावर फ्रिज लावलात, मिक्सर फिरवलात आणि मग दुकानदाराने फसवले म्हणून ओरडलात. दुकानदाराने फसवले नाही, तुम्ही गुणाकार केला नाहीत. तेच दोन पंखे बीएलडीसीचे घेतले असते तर तिशीच्या आसपास वॉटवर एकेक चालला असता आणि त्याच बॅटरीवर रात्र निघाली असती. गरज कमी करणे ही पहिली पायरी. ती गाळून तुम्ही मोठी बॅटरी विकत घ्यायला धावता.

आणि त्या बॅटरीची दशा काय करून ठेवली आहे! टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पुटे चढलेली, पाण्याची पातळी दाखवणारी खूण तळाला गेलेली, आत प्लेटा उघड्या पडलेल्या. कोणी तरी नळाचे पाणी ओतून मोकळे झालेले. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन इतका महाग आहे का? चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. तिच्याच शेजारी देवघर आणि त्यात तेवती समई, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. हे विज्ञान शिकलेल्या घरात घडावे याची मला लाज वाटते.

आता तू उभा राहा, ज्याने गच्चीवर तीन किलोवॉटचे पॅनेल बसवले. सूर्यघर योजनेतून 78,000 रुपये अनुदान घेतलेस, बिल शून्यावर आणलेस. चांगले केलेस. दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज डोक्यावर तयार होते. तरीही वादळानंतर भर उन्हात तुझे घर बंद, आणि तू कंपनीवाल्याशी भांडतो आहेस. अरे, ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद पडतो, आणि त्याने पडलेच पाहिजे. तारा तुटलेल्या असताना वायरमन खांबावर चढलेला असतो. लाइन मेलेली आहे या भरवशावर तो तारेला हात घालतो. तुझ्या गच्चीवरची वीज त्याच तारेत शिरली तर तो जिवंत खाली येणार नाही. लाइट नसतानाही घर चालवायचे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते; असा इन्व्हर्टर घराला बाहेरच्या तारेपासून तोडून मगच वीज देतो. सही करण्याआधी हा एक प्रश्न विचारायला तुझी जीभ का उचलली नाही?

जनरेटरवाल्यांना तर मी अधिक कडक बोलणार आहे. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करायची, एक टोक जनरेटरला, दुसरे घरातल्या प्लगमध्ये खुपसायचे आणि सगळे घर उजळल्याचा आनंद मानायचा, हा प्रकार आजही चालतो. मेन स्विच बंद करायचा राहिला की ते 230 व्होल्ट उलट्या वाटेने डीपीपर्यंत जातात. जो ट्रान्सफॉर्मर 11,000 व्होल्ट खाली उतरवतो, तोच ते परत हजारोंवर चढवतो. तिकडे तार जोडत असलेला माणूस कोणाचा तरी बाप असतो. तुमच्या टीव्हीसाठी त्याचा जीव जाणार असेल तर तो अपघात नव्हे, तो तुमचा गुन्हा आहे. चेंजओव्हर स्विच बसवा, परवानाधारक वायरमनकडूनच बसवा. तोवर जनरेटरला हात लावू नका. तो पडवीत किंवा बंद खोलीतही चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळणाऱ्यांनीही हे ऐकावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी न घालणाऱ्यांनीही.

ज्यांच्या घरात इन्सुलिन आहे, त्यांनी फ्रिज बंद पडल्यावर काय करायचे ते डॉक्टरांना आजच विचारून लिहून ठेवावे. ज्यांच्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, त्यांनी तो साधारण 300 वॉट घेतो हे धरून, त्याला पर्याय म्हणून भरलेला सिलिंडर बाजूला ठेवावा. यात मी कोणाचीही सबब ऐकणार नाही.

आता गृहपाठ. येत्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मेन स्विच स्वतःच्या हाताने बंद करा आणि रविवारी सकाळी सहाला चालू करा. घरात आजारी माणसाचे यंत्र असेल तर ते आधी सुरक्षित करा. रात्रभरात काय अडले, टॉर्च कुठे सापडली, पाणी किती वाजता संपले, बॅटरी किती तास टिकली, हे वहीत लिहा. त्याच्याच बाजूला आपल्या घराच्या रोजच्या युनिटांचा आकडा लिहा. मगच इन्व्हर्टर, पॅनेल किंवा जनरेटरच्या दुकानाची पायरी चढा. आणि उद्या सकाळी पहिले काम म्हणून बाजारातून चांगला वीस मीटरचा दोर घेऊन या.