पॅलेटवरचा माल आणि अप्रमादाचा प्रश्न

कर्म करावे, पण फळाची आस धरू नये, असे सांगणाऱ्या विचारपरंपरेला ज्या कर्मांचा सगळा अर्थच फळात साठलेला आहे अशा कर्मांविषयी काय म्हणायचे आहे, हा प्रश्न गीतेच्या भाष्यकारांनी निरनिराळ्या अंगांनी हाताळला आहे. परंतु त्यासाठी घेतलेली उदाहरणे बहुधा युद्ध, यज्ञ, दान किंवा राज्यकारभार यांतली असतात. दूरच्या वाहतुकीसाठी मालाची बांधणी करणे हे याच प्रश्नाचे अधिक अवघड उदाहरण आहे. फोर्कलिफ्टचे दोन दांडे खालून शिरू शकतील इतक्या उंचीवर फळ्या ठोकून केलेला लाकडी किंवा प्लास्टिकचा तळ म्हणजे पॅलेट. त्यावर खोक्यांचे थर रचायचे, कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याच्या कोनपट्ट्या लावायच्या, सगळा भार पट्ट्यांनी आवळायचा किंवा ताणून बसणाऱ्या पातळ प्लास्टिक फिल्मने गुंडाळायचा आणि गाडीत चढवून द्यायचा, असे हे काम असते. बांधणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीमागचा हेतू माल सुखरूप पोहोचावा हाच असला, तरी तो पोहोचतो तेव्हा बांधणारा तिथे नसतो, माल उतरवून घेणाऱ्याचे तोंड त्याने कधी पाहिलेले नसते, आणि काम उत्तम झाले असेल तर ती फिल्म कोणाच्या लक्षातही न येता फाडून टाकली जाते. फळाविषयी उदासीन राहणारा माणूस हे काम चांगले करू शकणार नाही, आणि फळ पाहण्याचा अधिकार मागणाऱ्याला ते करताच येणार नाही.

या पेचातून वाट काढण्यासाठी कामाचे स्वरूप थोडे बारकाईने पाहावे लागते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपविषयक आर्थिक आयोग यांनी मिळून २०१४ साली कंटेनर आणि वाहनांत माल भरण्याची जी आचारसंहिता सिद्ध केली, तिच्यानुसार रस्त्याने जाणारा माल पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट आणि बाजूंना ०.५ पट इतक्या झटक्याला टिकेल असा बांधला गेला पाहिजे. म्हणजे हजार किलोचा पॅलेट असेल, तर चालकाने जोरात ब्रेक दाबल्यावर तो पुढे आठशे किलो वजनाइतक्या बळाने ढकलला जाईल, हे धरूनच तो रचायचा. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद मुख्यतः त्याच्या चार कोपऱ्यांत असते, म्हणून एका खोक्यावर दुसरे नेमके कोपऱ्यावर कोपरा येईल असे ठेवले तर खालचे खोके भार पेलते. विटांच्या भिंतीसारखे आडवे-उभे गुंफले तर थर एकमेकांना धरून राहतात, पण कोपरे जुळत नसल्याने तळाची खोकी दबण्याचा धोका वाढतो. खोके पॅलेटच्या कडेबाहेर दोन बोटे जरी आले, तरी तो कोपरा अधांतरी राहतो. फिल्मचे वेढे केवळ खोक्यांभोवती न देता खाली पॅलेटच्या लाकडालाही धरतील असे घ्यावे लागतात, नाहीतर खोक्यांचा एकसंध झालेला गठ्ठा पॅलेटवरून जसाच्या तसा घसरतो. यांतील एकही गोष्ट माल उभा असताना जाणवत नाही. अजून न घडलेल्या वळणाचा, चढाचा, लाटेचा विचार आज, स्थिर जमिनीवर, हातांनी करणे असे या कामाचे खरे रूप आहे.

अशा कामाच्या नीतीविषयी सर्वांत नेमके विवेचन जैन परंपरेत सापडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना नुसत्या प्राणघातावर न थांबता त्यामागच्या प्रमादाला, म्हणजे सावधपणा सुटलेल्या वर्तनाला, मुख्य स्थान दिलेले आहे. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात हाच विचार टोकापर्यंत नेतात: बेफिकीर वागणाऱ्याच्या हातून प्रत्यक्षात कोणी दगावले नाही तरी हिंसेचा दोष त्याला निश्चित लागतो, आणि यत्नपूर्वक वागणाऱ्याच्या हातून एखादा जीव गेला तरी केवळ त्या घटनेमुळे त्याला कर्मबंध होत नाही. हा निकष पॅलेटला लावला, तर ज्याची फिल्म लाकडाला धरलेली नाही तो पॅलेट रस्ता चांगला लागल्यामुळे सुखरूप पोहोचला, तरी त्याच्या बांधणीतला दोष पुसला जात नाही. तो दोष माल कोसळण्याची वाट पाहत नाही, तो गोदामातच पुरा झालेला असतो. अप्रमाद म्हणजे भीती किंवा अतिरेक मात्र नव्हे. फिल्म गरजेपेक्षा जास्त ताणली तर ती कोपऱ्यावरची खोकी चेपते, आणि वेढ्यांवर वेढे चढवत राहणे हे काळजीचे लक्षण असण्यापेक्षा मोजमाप न केल्याचेच लक्षण असते.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. फळ बाजूला ठेवून केवळ सावधपणावर नीती उभी केली, तर जे प्रत्यक्ष घडले त्याला काहीच किंमत उरत नाही. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी नैतिक दैवाचा, म्हणजे माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टींमुळे त्याच्या कृत्याचे मोल बदलते का याचा, प्रश्न उपस्थित केला, तेव्हा विल्यम्सने स्वतःची काही चूक नसताना ज्याच्या गाडीखाली मूल सापडते अशा लॉरीचालकाचे उदाहरण घेतले होते. त्या चालकाला वाटणारे दुःख पाहणाऱ्याच्या दुःखाहून वेगळे असते, आणि ते त्याला वाटू नये असे कोणी म्हणत नाही. नीट बांधलेल्या पॅलेटखाली सापडून एखादा हमाल जायबंदी झाला, तर बांधणाऱ्यालाही असेच दुःख होणे योग्य आहे. कुंदकुंदांच्या निकषाने त्याला दोष लागत नाही, परंतु दोष नसणे आणि संबंध नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक नीट जपला नाही तर अप्रमादाचे तत्त्व हात झटकण्याचे साधन होऊन बसते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधारभूत स्थान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध क्रिया आणि पाचवे दैव. मालवाहतुकीला हे वर्गीकरण चपखल बसते, कारण गोदामाची जमीन, बांधणारा, पट्टी आवळणारे यंत्र, चढ-उतार आणि समुद्र यांपैकी एकावरच निकाल अवलंबून नसतो. मात्र कारणे अनेक आहेत म्हणून कोणीच कर्ता नाही, असा अर्थ काढणे घातक ठरते. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ पेटलेल्या एक्स-प्रेस पर्ल या जहाजावर नायट्रिक आम्लाच्या एका कंटेनरमधून गळती होत असल्याचे आधीच लक्षात आले होते. कतारमधील हमाद आणि गुजरातमधील हजिरा या बंदरांत तो उतरवून घेण्याची विनंती मान्य झाली नाही, आणि जहाज तसेच पुढे गेले. त्यावरील सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर आणि समुद्रात पसरले. मासेमारीवर जगणाऱ्या ज्या माणसांना याची झळ बसली, त्यांचा त्या आम्लाच्या बांधणीशी, ते भरणाऱ्याशी किंवा बंदराच्या नकाराशी काहीही व्यवहार झालेला नव्हता.

पाच कारणांमधील दैवाचा वाटा मात्र कायमचा ठरलेला नसतो, ही गोष्ट या क्षेत्रात फार स्पष्ट दिसते. समुद्री वाहतुकीच्या १९२४ च्या हेग नियमांत जहाजमालकाला ज्या कारणांसाठी नुकसानीच्या जबाबदारीतून सूट मिळते, त्यांत मालाचा अंगभूत दोष आणि अपुरी बांधणी ही दोन कारणे एकापुढे एक येतात. नाशिकच्या द्राक्षांचे उदाहरण घेतले म्हणजे ही दोन कलमे शेजारी असण्याचे मर्म कळते. तोडल्यानंतरही द्राक्षाचा श्वास चालू असतो, त्यातून उष्णता निर्माण होते, आणि युरोपच्या वाटेवर आठवडेच्या आठवडे शीतकंटेनरमध्ये राहायचे असल्याने ती उष्णता बाहेर काढावीच लागते. थंड हवा कंटेनरच्या खाचदार तळातून वर येते. म्हणून छिद्रे असलेली छोटी खोकी छिद्रावर छिद्र येईल अशी रचतात आणि संपूर्ण पॅलेट फिल्मने न गुंडाळता उभ्या कोनपट्ट्या व आडव्या पट्ट्यांनी बांधतात. लोखंडी सुट्या भागांसाठी जी बांधणी उत्तम, ती द्राक्षांना गुदमरवते. द्राक्षाचा हा स्वभाव ठाऊक नव्हता तोवर त्याची नासाडी अंगभूत दोषात मोडत असेल. तो ठाऊक झाल्यावर तीच नासाडी अपुऱ्या बांधणीत मोडते. ज्ञान वाढले की दैवाचा प्रदेश आक्रसतो आणि तेवढाच प्रमादाचा प्रदेश विस्तारतो.

याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण खुद्द पॅलेटच्या लाकडात दडलेले आहे. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात लांब शिंगांचा आशियाई भुंगेरा आढळला, आणि तो चीनमधून आलेल्या लाकडी वेष्टनांतून शिरला असावा असे मानले गेले. त्याच्या अळ्यांनी पोखरलेली हजारो झाडे पुढे तोडावी लागली. २००२ साली आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली जो नियम आला, त्यानुसार परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅलेटच्या गाभ्यापर्यंतचे तापमान सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश सेल्सिअस ठेवावे लागते किंवा मान्यता असलेली दुसरी प्रक्रिया करावी लागते, आणि गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का त्यावर मारावा लागतो. हा धोका कळण्याआधी लाकडातल्या अळीचा विचार बांधणाऱ्याला करावा लागत नसे. आता ती न मारणे हा प्रमाद ठरतो. प्रमादालाच हिंसा मानणाऱ्या जैन विचारासमोर येथे खरी अडचण उभी राहते, कारण दूरच्या जंगलाविषयीची सावधता जवळच्या जिवाचा घात मागते. जैन आचारशास्त्र गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानते. व्यवसायात ओघाने घडणारी ती उद्योगी, अशी सोय येथे प्रामाणिकपणे लावता येत नाही, कारण उष्णता देण्याचा हेतूच अळी मारणे हा आहे. संरक्षणासाठी नाइलाजाने करावी लागणारी विरोधी हिंसा म्हणून फार तर तिचे समर्थन होईल, पण अळीने कोणावर चाल केलेली नसते, तिला तिथे नेणारा माणूसच असतो. प्लायवुड किंवा प्लास्टिकचा पॅलेट वापरून ही प्रक्रिया टाळता येते, आणि ज्याला या प्रश्नाचे गांभीर्य पटते त्याने तो पर्याय केवळ किमतीवर तोलू नये, एवढे तरी म्हणायला हवे.

अप्रमादाची मागणी ज्याच्याकडे केली जाते त्याला सावध राहण्याइतका वेळ, उजेड आणि विसावा मिळतो का, हा प्रश्नही अधिष्ठान आणि साधने या कारणांमध्येच येतो. महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ साली जो कायदा झाला, त्याने डोक्यावर आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसांच्या कामाचे आणि कल्याणाचे नियमन मंडळांमार्फत करण्याची व्यवस्था केली. ओझे उचलणाऱ्याचे शरीर हाही मालाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे, हे त्यातून मान्य झाले. नगावर मजुरी आणि घड्याळावर नजर ठेवून पॅलेट बांधून घेणारा मालक प्रमादाची परिस्थिती स्वतः निर्माण करतो, त्यामुळे सैल राहिलेल्या पट्टीचे कर्तेपण त्याच्याकडेही जाते.

टिळकांनी गीतारहस्यात निष्काम कर्माचा आधार लोकसंग्रहात, म्हणजे समाजाची घडी नीट राखण्यात, शोधला होता, आणि त्या दृष्टीने पाहता फलत्याग म्हणजे फळाविषयी अज्ञान असा अर्थ संभवतच नाही. माल फुटला, भिजला किंवा कोसळला, तर त्याचा अहवाल आज विमा कंपनीकडे, वकिलाकडे आणि हिशेबनिसाकडे जातो. ज्याने थर रचले त्याच्यापर्यंत तो क्वचितच येतो, आणि आलाच तर दंड म्हणून येतो. बांधणाऱ्याने प्रशंसेवरचा हक्क सोडावा हे ठीक आहे, परंतु कोणते खोके दबले, कोणत्या कोपऱ्यावर पट्टी तुटली, कंटेनरच्या छतावरून ओघळलेल्या दवाने कोणता थर भिजला, हे त्याला छायाचित्रासह कळवले गेले नाही, तर पुढचा पॅलेट तो पूर्वीच्याच अज्ञानात बांधणार आणि जे टाळता आले असते ते पुन्हा दैवाच्या खात्यावर टाकले जाणार.