एकट्याचा प्रवास आणि मागचें घर

स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेस, जेथें ऐन हिवाळ्यांत कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाहीं, तेथें बर्फावरून शेंकडों मैल एकट्यानें चालणाऱ्यांच्या हकीकती वाचल्या, म्हणजे आम्हां घरबशांचें मस्तक आदरानें लवतें. पण लगेच शंका येते : अशा प्रवाशाच्या जिवावर हक्क केवळ त्याचाच काय?

जपानी प्रवासी नाओमी उएमुरा १९७८ सालीं कुत्र्यांच्या घसरगाडीनें एकटा उत्तर ध्रुवास पोंचला. वाटेंत रसद मात्र विमानानें पुरवावी लागली. १९८४ सालीं अलास्कांतील डेनाली शिखर भर हिवाळ्यांत एकट्यानें सर करून उतरतांना तो नाहींसा झाला. मागें त्याची पत्नी राहिली.

हाच प्रश्न आमच्या वाशीम जिल्ह्यांत फार पूर्वीं एका मातेनें विचारला आहे. कारंजाचे नृसिंहसरस्वती मुंज होतांच घर सोडूं लागले, तेव्हां आई शोकाकुल झाली. 'गुरुचरित्र' सांगतें कीं, तिला जुळे पुत्र होईपर्यंत ते थांबले, मगच निरोप घेऊन काशीच्या वाटेला लागले. आणि संन्यास घेतल्यावरही पुढें मातापितरांच्या भेटीस कारंजास आले.

जुळ्यांनीं थोरल्याची जागा भरली, असें कोणती आई म्हणेल? जाणाऱ्यानें जाऊंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. घरचें ऋण फिटत नाहीं, हें आम्हीही जाणतों. परंतु तें मान्य करून निघणें निराळें आणि विसरून निघणें निराळें.