धारण आणि परिग्रह

पतंजलींनी यमांमध्ये आणि महावीरांनी पंचमहाव्रतांमध्ये ज्या अपरिग्रहाला स्थान दिले, त्याचा अर्थ लोकव्यवहारात जवळ काही न ठेवणे असा केला जातो. आणि हा अर्थ इतका रूढ झाला आहे की, ज्याच्या हातून सर्व काही निसटून जाते त्या दुबळ्यालाही आपण विरक्त म्हणून गौरवितो आणि ज्याच्यापाशी साठा आहे अशा प्रत्येकाकडे संशयाने पाहतो. न धरणे हे पुण्य आणि धरणे हे पाप अशी सरळ विभागणी खरोखर करता येते काय, हा प्रश्न ग्रंथांपेक्षाही कोकणातील जांभ्या जमिनीने मला अधिक निकडीने विचारला. म्हणून त्या जमिनीची हकीकत येथे काहीशी विस्ताराने सांगणे भाग आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर आणि उतारांवर चार महिन्यांत सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि हजारो वर्षे कोसळत आला आहे. त्या पाण्याने जमिनीतील चुना, मॅग्नेशियम आणि पोटॅश धुऊन समुद्राकडे नेले व मागे लोह आणि ॲल्युमिनियम यांची भस्मे तेवढी ठेवली. त्यांनीच जांभ्याला त्याचा तांबडा रंग आणि त्याची आम्लता दिली. येथील चिकणमाती केओलिनाइट जातीची असल्यामुळे अन्नकण धरून ठेवण्याची तिची शक्ती देशावरील काळ्या जमिनीतल्या मातीच्या मानाने जेमतेम दशांश भरते. शेतकऱ्याने घातलेले खत पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत वाहून गेले, तर तो दोष त्याच्या कष्टांचा नव्हे. पण नवलाची गोष्ट पुढेच आहे. जी जमीन चुना आणि पोटॅश अशा सढळपणे सोडून देते, तीच जमीन स्फुरदाला मात्र लोह-ॲल्युमिनियमच्या मिठीत इतके घट्ट आवळते की ते तिच्या पोटात असूनही भाताच्या मुळाला मिळत नाही. आणि सामू 5.5च्या खाली उतरला म्हणजे विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांची टोकेच खुंटवून टाकते. उधळेपणा आणि कृपणता हे परस्परांचे शत्रू आहेत असे आपण मानतो. येथे ते एकाच घरात नांदतात, आणि दोहोंचा परिणाम एकच होतो: रोप उपाशी राहते.

या जमिनीशी कोकणच्या कुणब्याने जो व्यवहार बांधला त्यात अग्नीला मानाचे स्थान होते. पावसाळ्यापूर्वी तरव्याच्या जागेवर शेण, ऐनाचे टहाळ, गवत आणि पालापाचोळा थरांनी पसरून, वर माती टाकून राब भाजावयाचा, आणि त्या भाजलेल्या जागेत भाताचे बी पेरावयाचे, ही ती पद्धत. राबाचे साहित्य जेथून यावयाचे त्या वरकस जमिनीची महसूल दफ्तरात वेगळी नोंद असे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टहाळ तोडण्याच्या हक्कावरून ठाणे-कुलाब्याचे रयत व जंगलखाते यांच्यात तंटे माजले होते. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी राबाचा शास्त्रीय अभ्यास केला व या प्रथेकडे अडाणीपणा म्हणून पाहण्याची वृत्ती काहीशी निवळली. तरीही राबाची एक मर्यादा राहतेच. त्यात द्रव्याचा बहुतांश भाग जळून राख होतो. राख तत्काळ फळ देते, आणि पाण्याबरोबर तत्काळ निघूनही जाते.

वारा कोंडून, अपुऱ्या हवेत, मंद आचेवर तेच द्रव्य तापविले तर राखेऐवजी कोळसा हाती येतो. शेतीच्या कामासाठी असा केलेला कोळसा म्हणजे बायोचार. त्याचे सामर्थ्य जगाला दाखविले ते ॲमेझॉनच्या खोऱ्याने. तेथील भूमीही आपल्या जांभ्यासारखीच आम्ल आणि पावसाने धुऊन निःसत्त्व झालेली. परंतु तापाजोस नदीच्या परिसरात आणि इतरत्र तिच्यात काळ्याभोर, सुपीक मातीचे पट्टे सापडतात. त्यांत कोळसा आहे, हाडे आहेत, मडक्यांची खापरे आहेत. युरोपीय लोक तेथे पोचण्यापूर्वी शतकानुशतके राहिलेल्या वस्त्यांची ती निर्मिती. विम सोंब्रूक या डच मृदाशास्त्रज्ञाने 1966 साली आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. ज्यांनी ती माती घडविली त्यांच्यापैकी बहुतेक समाज परक्या रोगांनी आणि आक्रमणांनी नष्ट झाले. त्यांची भूमी आजही पीक देते.

या कोळशाचे एक वैशिष्ट्य मला विलक्षण वाटते. भट्टीतून नुकताच निघालेला कोळसा सच्छिद्र असतो, पण अन्नकण धरण्याची त्याची शक्ती अल्प असते. वर्षानुवर्षे हवा, पाणी आणि जीवाणू यांच्या सहवासात त्याच्या पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होते, त्यावर ऋण विद्युत्भार येतो, आणि मग चुना, पोटॅश, अमोनिया यांचे धनभारित कण तेथे विसावतात. ही पकड सैल असते. मूळ हायड्रोजनचा एक कण पुढे करते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशचा कण घेऊन जाते. धरलेले मागणाऱ्याला सुटते, केवळ वाहत्या पाण्याला सुटत नाही. शिवाय कोळशाच्या अंगच्या क्षारतेने आम्लता उतरते, ॲल्युमिनियमचे विष मंदावते, आणि आवळलेले स्फुरदही काही अंशी मोकळे होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण सांगताना वस्तूंच्या संख्येचा उल्लेख केलेला नाही, चित्ताच्या मूर्च्छेचा, म्हणजे आसक्तीचा, केला आहे. आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर ठरविला आहे तो भोगणारा नव्हे, तर मिळालेले परत न देता एकट्याने भोगणारा. या दोन वचनांच्या प्रकाशात पाहिले तर जांभ्याची अवस्था वैराग्याची नव्हे, असे मी निःशंकपणे म्हणेन. ज्याला धरताच येत नाही त्याने सोडले, यात त्याग कोणता? आणि स्फुरदाला केलेली ती निष्फळ मिठी, तिच्यात वस्तू जवळ असूनही कोणाच्याच उपयोगाची उरत नाही, तीच खरी मूर्च्छा. या दोहोंहून भिन्न असे एक धारण आहे, आणि मागणाऱ्याची ओळख हे त्याचे मर्म आहे. कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या, राब भाजणाऱ्या मुलखातील गावी जन्मलेल्या विनोबांनी जमीनदारांपाशी जमीन मागितली, तेव्हा त्यांचा आग्रह सर्वांनी निष्कांचन व्हावे असा नव्हता. जे जवळ आहे त्यावर भूमिहीनाचाही वाटा आहे हे ओळखावे, असा होता.

हे सारे मान्य करूनही कोळशाचे स्तोत्र गाण्याची माझी इच्छा नाही. तो सर्वत्र सारखा उपकारक नाही: उष्ण कटिबंधातील आम्ल जमिनीत त्याचा जो गुण येतो तो थंड प्रदेशातील सुपीक जमिनीत आढळत नाही, आणि देशावरच्या विम्ल काळ्या मातीत त्याने क्षारता वाढविण्याचे प्रयोजनही नाही. नायट्रेट त्याला फारसे धरता येत नाही. कोरा कोळसा घातला तर आरंभी तो पिकाच्या वाट्याचा नत्र स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून शेणखतात किंवा गोमूत्रात मुरवूनच तो द्यावा लागतो. परिणाम दिसेल इतका घालावयाचा तर हेक्टरी काही टन लागतो, आणि दहा-बारा गुंठ्यांच्या खातेदाराने तो विकत घ्यावा असे सांगणे अन्यायाचे होईल.

याहूनही कठीण प्रश्न हा की, एवढा कोळसा यावयाचा कोठून. माझ्या भातखाचराची धारणशक्ती वाढावी म्हणून जर गावच्या डोंगरावरचा ऐन आणि किंजळ भट्टीत गेला, तर एका जमिनीचे धारण दुसऱ्या जमिनीच्या धुपीवर उभे राहील, आणि खाली ओढ्याकाठच्या शेजाऱ्याच्या विहिरीत त्याचा गाळ उतरेल. म्हणून गिरणीत पडून राहणारे तूस, नारळाच्या करवंट्या आणि आंबा-काजूच्या बागांतील छाटणी एवढ्याच द्रव्यावर ही विद्या चालवावी. तेवढ्यात निम्मे खाचर भागले नाही तर या वर्षी फक्त तरव्याच्या वाफ्याला कोळसा द्यावा, आणि उरलेल्या खाचरासाठी पुढल्या वर्षीच्या तुसाची वाट पाहावी.