गरज कुणी ठरवायची?

गणपती आटोपून लेक पुण्याला परत गेली आणि चौथ्या दिवशी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "बाबा, हॉस्टेलवर एक प्रिंटर घ्यावा म्हणते. घेऊ का?"

मी श्रीवर्धनच्या एका पतपेढीत अठ्ठावीस वर्षं खातेवह्या सांभाळल्या. त्यामुळे माझ्या तोंडून पहिला प्रश्न आला तो असा : "महिन्याला पानं किती काढतेस?"

तिने सांगितलेले आकडे मी पाकिटाच्या पाठीवर मांडले. पाच विषयांची जर्नल्स, प्रत्येकी साधारण चाळीस पानं, म्हणजे दोनशे. असाइनमेंट, प्रोजेक्टचा अहवाल, त्याच्या दुरुस्त्या मिळून आणखी दोनशे. सेमिस्टरला चारशे पानं, कॉलेजच्या फाटकासमोरचा झेरॉक्सवाला घेतो पानाला दोन रुपये. म्हणजे सेमिस्टरला आठशे, वर्षाला सोळाशे, राहिलेल्या तीन वर्षांचे चार हजार आठशे. प्रिंटर बारा हजारांच्या घरात. शिवाय कागद, शाई, दुरुस्ती. शाईचं यंत्र दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत महिनाभर पडून राहिलं की त्याच्या डोक्यातली बारीक छिद्रं सुकून बुजतात, मग ती साफ करण्यातच निम्मी शाई जाते. हिशोब सरळ होता. मी म्हटलं, "परवडत नाही. ही काही गरज नाही, सोय आहे." ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

हा लेख त्या "बरं"बद्दल आहे.

गरज आणि सोय यांच्यामधली रेघ आपण फार सहज ओढतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या वहीत ओढतो. स्वतःच्या बाबतीत ती रेघ सरकते. माझी मोटारसायकल मला गरज वाटते. माझ्या आईला ती चैन वाटायची, कारण ती दिघीपर्यंत चालत जाऊन आलेली होती. लेकीचा प्रिंटर मला सोय वाटला, कारण मी चार वर्षांचं कॉलेज हाताने लिहिलेल्या जर्नलांवर काढलं. आपण आपल्या वेळची टंचाई हे माप म्हणून ठेवतो आणि पुढच्या पिढीला त्यात घालून बघतो.

अॅडम स्मिथने 1776 साली लिहिलेल्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये तागाच्या सदऱ्याचं उदाहरण दिलं आहे. त्याचा मुद्दा असा, की तागाचा सदरा जगायला लागत नाही. ग्रीक-रोमन लोक त्याच्याशिवाय उत्तम जगले. पण त्याच्या काळच्या युरोपात साध्या मजुरालाही तो अंगात नसताना चारचौघांत जायची लाज वाटे. म्हणून तो सदरा गरजेच्या यादीत येतो. पुढे 1983 साली अमर्त्य सेन यांनी हाच सदरा उचलून गरिबीबद्दलच्या वादात वापरला. एकाच गोष्टीसाठी, म्हणजे मान खाली न घालता चारचौघांत वावरण्यासाठी, वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळ्या वस्तू लागतात, असं त्यांचं म्हणणं. गरज वस्तूत नसते. त्या वस्तूमुळे माणसाला काय करता येतं, त्यात ती असते.

हे मला वाचून माहीत होतं. तरी मी पानं मोजली.

दुसरीकडे आपल्याच जिल्ह्यातलं एक नाव मनात होतं. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, 1895 सालचा. 1916 साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेला उतरला आणि काशीला गेला. आपली प्रमाणपत्रं त्याने चुलीत घातल्याची हकिगत अनेकांनी ऐकली असेल. आपल्या घरांत अपरिग्रहाची चर्चा निघाली की अशा माणसांचे दाखले येतात आणि त्यांचं वजन फार पडतं. मुलीला प्रिंटर नाकारताना माझ्याही मनात कुठेतरी हे होतं, की कमी वस्तूंत राहायला शिकणं हेही शिक्षणच. पण नीट पाहिलं तर विनोबांनी जाळली ती स्वतःची प्रमाणपत्रं. अपरिग्रह हे स्वतः घ्यायचं व्रत आहे. ते दुसऱ्याकडून पाळून घेतलं की त्याचं नाव बदलतं. ज्याच्या हातात पैसे आहेत त्याने ज्याच्या हातात नाहीत त्याला साधेपणा शिकवणं ही नुसती काटकसर असते, आणि तीही दुसऱ्याच्या जिवावरची.

आता थोडं मागे जातो.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. दुपारी दोन-तीन तासांत आमच्या वाडीतली दीडशेच्या वर सुपारीची झाडं आडवी झाली. श्रीवर्धनी रोठ्याचं झाड लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं घेतं, त्यामुळे मोडली ती नुसती झाडं नव्हती. छपराचे पत्रे कुणाचे कुठे सापडले. वीज तर कित्येक आठवडे नव्हती.

आणि नेमके तेव्हाच कागद लागत होते. पंचनामा झाल्यावर सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, सगळ्याच्या प्रती जोडायच्या होत्या. वीज नाही म्हणजे झेरॉक्स नाही. गावात एकाने जनरेटरवर मशीन चालू केलं आणि पानाला दहा रुपये लावले. लोक शिव्या घालत रांगेत उभे होते, मीही होतो. डिझेलचा भाव आणि त्याची खटपट धरली तर तो लुबाडत होता असं आज मला म्हणवत नाही. मदतीचा दर आधी हेक्टरावर होता आणि आमच्याकडच्या वाड्या गुंठ्यांत. म्हणून पुढे झाडामागे मदत ठरली, नारळाला 250 रुपये आणि सुपारीला 50. सुपारीच्या एका झाडाला पन्नास रुपये, म्हणजे त्या रांगेतली पाच पानं.

ती रांग आठवायचं कारण असं, की मला त्या वर्षात एकूण किती झेरॉक्स लागल्या असतील? पंधरा-वीस. पानं मोजून कुणी ठरवलं असतं तर मला झेरॉक्सची गरजच नव्हती. पण ती पंधरा पानं ज्या आठवड्यात हवी होती, त्या आठवड्यात ती वाडीइतकी मोलाची होती. गरज किती पानांची आहे एवढंच विचारून भागत नाही. ती कोणत्या वेळची आहे, आणि त्या वेळी दार कुणासाठी उघडं आहे, हेही विचारावं लागतं. लेकीला हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

ते कळलं दिवाळीत ती घरी आली तेव्हा, आणि तेही तिच्या आईमुळे. रात्री माजघरात दोघी बोलत बसल्या होत्या.

त्यांच्या कॉलेजात प्रोजेक्टच्या दुरुस्त्या सरांकडून रात्री नऊ-साडेनऊला व्हॉट्सअॅपवर येतात. दुरुस्त केलेली छापील प्रत सकाळी पहिल्या तासाला सहीसाठी द्यावी लागते. झेरॉक्सवाला उघडतो सकाळी दहाला आणि बंद करतो रात्री अकराला. मुलं नऊला दुरुस्ती करतात, दहाला खाली उतरतात, पानं काढून चहा पिऊन परत येतात. मुलींच्या हॉस्टेलचं फाटक साडेआठला बंद होतं.

मग मुली काय करतात? फाइल वर्गातल्या एखाद्या मुलाला पाठवतात. तो काढून आणतो, सकाळी देतो. चांगली मुलं आहेत, नाही म्हणत नाहीत. पण रोज कुणाला सांगायचं? सांगितलं की उपकार, उपकार झाला की त्याची कुठेतरी नोंद. आणि मागच्या सेमिस्टरला हिची फाइल मुलांच्या हॉस्टेलमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे गेली. दुसऱ्याच कुणाच्या अहवालात हिचेच तक्ते, हिचेच आकडे आले. दोघांचेही गुण कापले. कुणी कुणाचं उतरवलं हे सिद्ध करत बसायला कुणाला वेळ नव्हता.

मी म्हटलं, "हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तू पानं किती ते विचारलंस."

यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मागणाऱ्याला नेहमी देणाऱ्याच्या भाषेत गरज सिद्ध करावी लागते. पंचनाम्याला आलेल्या माणसाकडे झाडांचा रकाना होता. झाडाखाली लावलेल्या मिरवेलीचा नव्हता. माझ्याकडे पानांचा रकाना होता. जे रकान्यात बसत नाही ते माणूस सांगतच नाही, "बरं" म्हणतो.

आता प्रश्न सुटला असं वाटेल. प्रिंटर घेऊन टाकावा. पण माझ्यासाठी खरा प्रश्न इथून सुरू झाला.

कारण यंत्र ज्या गरजेसाठी घ्यायचं, ती गरज एका नियमाने तयार केली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या लैंगिक छळविरोधी नियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की मुलींच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करून त्यांच्यावर वसतिगृहात मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत. त्याच वर्षी दिल्लीत 'पिंजरा तोड' म्हणून मुलींनी याच फाटकांविरुद्ध चळवळ सुरू केली. म्हणजे प्रश्न नवा नाही. फाटक उघडं असतं तर माझा पाकिटावरचा हिशोब बरोबर होता : दोन रुपये पान, प्रिंटर नको. बारा हजार रुपये मी यंत्राचे देणार नव्हतो, फाटकाचे देणार होतो.

असं आपण सगळीकडे करतो. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घेतो, नळाला पाणी नाही म्हणून बोअर मारतो, शाळेत शिकवत नाहीत म्हणून क्लास लावतो. वादळानंतर आमच्या गावात ज्यांना झेपलं त्यांनी जनरेटर घेतले. विजेची विचारपूस करायला जाणाऱ्या लोकांत त्यानंतर ते दिसले नाहीत. त्यांना दोष देत नाही, अंधारात आजारी माणूस घेऊन कोण बसेल? पण ज्याचा आवाज थोडाफार ऐकला जातो, तोच विकत सुटका करून घेऊन रांगेतून बाहेर पडतो, आणि रांग आणखी मुकी होते.

मग प्रिंटर नाकारावा का, म्हणजे मुली चिडून फाटकाविरुद्ध उभ्या राहतील? हा विचारही माझ्या डोक्यात आला होता, आणि तो मला जास्त वाईट वाटला. लढा तिचा, गुण तिचे, पहिल्या तासाला रिकाम्या हाताने उभं राहणार ती. आणि तत्त्व माझं. पुन्हा विनोबांचीच गोष्ट उलटी करणं झालं.

शेवटी कपाटातून अॅडमिशनची फाइल काढली, पावत्या बघायला म्हणून. त्यात हॉस्टेलच्या नियमांचा कागद होता. साडेआठचा नियम सातव्या क्रमांकाला, आणि खाली 'पालकांची संमती' या शब्दांवर माझी सही. सही करताना मला काय वाटलं होतं ते नीट आठवतं. हायसं वाटलं होतं. पोर परगावी, रात्री आत असेल, बरं झालं. मुलगा असता तर या कागदाकडे मी पाहिलंही नसतं. तिच्या प्रिंटरची गरज काही अंशी मीच सही करून तयार केली होती, आणि नंतर फोनवर तीच गरज खोटी ठरवली होती.

प्रिंटर घेतला. नवा नाही, जुना काळा-पांढरा लेझर, पाच हजारांत. त्यात शाई नसून पूड असते, त्यामुळे सुट्टीत सुकण्याची भीती नाही. हॉस्टेलने बंदी घातलेल्या वस्तूंत इस्त्री, किटली, हीटर आहेत, प्रिंटर नाही. आठवड्याच्या आत मजल्यावरच्या सगळ्या मुली तिच्या दारात. पैसे घ्यावेत का, यावर तिने मला विचारलं नाही. मुलींनी आपसांत ठरवलं : ज्याने त्याने आपला कागद आणायचा, पुडीचा खर्च वाटून घ्यायचा, आणि दाराला टांगलेल्या वहीत पानं लिहायची. यंत्र तिच्या खोलीत आहे म्हणून तिला परीक्षेच्या आदल्या रात्री दोनदा उठावं लागतं, हा त्याचा भाडेपट्टा. अभ्यासिकेत सगळ्यांसाठी एक प्रिंटर ठेवा, असा अर्जही त्यांनी सह्या करून दिला आहे.

मी माझ्यापुरतं एक पत्र लिहिलं. सातव्या नियमाला दिलेली संमती मागे घेतो, आणि मुलांच्या वसतिगृहाला जी वेळ आहे तीच मुलींना असावी, एवढंच. रात्री अकरापर्यंत ती बाहेर असेल या विचाराने मला आजही झोप लागणार नाही हे खरं आहे, पण ती माझ्या झोपेची गोष्ट आहे. त्यासाठी तिने आत राहावं असं होत नाही.

पत्र हाताने लिहिलं होतं. पोस्टात टाकण्याआधी बाजारात प्रत काढायला गेलो. वादळात जनरेटर लावला होता तेच दुकान. त्याने कागद काचेवर ठेवला आणि विचारलं, "एकच का?"

म्हटलं, "दोन काढ. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवायला लागेल."

दोन पानांचे चार रुपये झाले.