हात कुणाचा धरायचा?

तलाक होतो, मेहर मिळतो किंवा बुडतो, इद्दत संपते आणि आपल्या समाजात सगळे सुटलो म्हणतात. मूल सुटत नाही. ‘अम्मी पाहिजे की अब्बा?’ मामू विचारतात, फुफी विचारते, जमातीच्या सभेत चार बुजुर्गही विचारतात. मूल खाली बघत राहते.

त्याला विचारावे की नाही, यावर आपल्यातच दोन मते आहेत. हनफी फिकहप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ राहते. यालाच हिजानत म्हणतात. पुढे ताबा बापाचा. मुलाच्या पसंतीला तिथे जागा नाही. आम्ही कोकणातले मुसलमान शाफई. आमच्याकडे मूल जाणते झाले, म्हणजे साधारण सात वर्षांचे, की मुलगा असो वा मुलगी, त्याला विचारायचे असते. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात प्रसंग आहे. एक बाई पैगंबरांकडे (स.) आली. नवरा मुलाला न्यायला निघाला होता आणि तो मुलगा तिला विहिरीचे पाणी आणून देत असे. पैगंबरांनी मुलाला आईबाप दोघे दाखवले आणि हवा त्याचा हात धरायला सांगितले. त्याने आईचा धरला.

आम्ही त्या पाण्यापाशी थबकतो. पसंती सांगणाऱ्या लेकरावर घराचा भार आधीच होता. आजचे मूलही आधी आईच्या डब्यात तांदूळ किती आहेत ते बघते, मग बोलते. बाप म्हणतो, ‘माझ्याकडे राहिला तर फी भरीन.’ आई खुला मागते, तर अट पडते : मुलांचा खर्च मागायचा नाही. जे मुलाचे आहे ते आईने सोडायचे तरी कसे? मूल आईकडे असले तरी नफका बापावरच, यात हनफी-शाफई भेद नाही. मुलावरून आईलाही त्रास नको आणि बापालाही, हे सूरह बकराच्या २३३व्या आयतीत आहे. म्हणून ‘भेटू दिले नाही, मग पैसे कसले?’ हा सवाल जितका चुकीचा, तितकेच भेटू न देणेही.

१९८६च्या कायद्यात मुलासाठी दोनच वर्षांची तरतूद दिसली आणि अनेक बापांनी हात झटकले. १९९७ साली नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पोटगीचा मुलाचा हक्क स्वतंत्र आहे. तेव्हाचे कलम १२५ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झाले आहे. ताब्याबाबत १८९०चा पालक व पाल्य कायदा मुलाचे हित आधी पाहतो. जाणत्या मुलाची पसंती न्यायाधीश विचारात घेऊ शकतो, पण निकाल त्याच्या डोक्यावर ठेवत नाही. हे आम्हांला पटते.

जमातीने आधी महिन्याची रक्कम, फी कोण भरणार, ईदला मूल कुठे, हे कागदावर घ्यावे. मग मुलाला सभेबाहेर, एकट्याला विचारावे. वर्षभराने त्याचे मन पालटले तर? शाफई फिकहमध्ये त्याला पुन्हा दुसरा हात धरायची मुभा आहे.