इन्सुलिन घेणे हा अविश्वास आहे काय?

मधुमेह हा पैसेवाल्यांचा व उतारवयाचा रोग, अशी आपल्या खेड्यांतील समजूत आहे. म्हणून बारा-चौदा वर्षांचे मूल जेव्हा पोटभर जेवूनही वाळू लागते, तांब्यावर तांबे पाणी पिऊ लागते, रात्री चार वेळा उठू लागते, तेव्हा घरची माणसे प्रथम जंत म्हणतात, मग नजर म्हणतात (ख्रिस्ती घरांतूनही हा शब्द अजून गेलेला नाही, हे खेदाने लिहावे लागते), आणि मूल गळून पडले म्हणजे त्यास तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. तेथे डॉक्टर सांगतात की, मुलास मधुमेह आहे, व ह्यापुढे रोज, दिवसातून अनेक वेळा, जन्मभर त्याने इन्सुलिनची सुई टोचून घेतली पाहिजे. मूल वाचते. परंतु घरी परतल्यावर जो प्रश्न उभा राहतो तो डॉक्टरांस कोणी विचारीत नाही; तो उपदेशकास विचारतात. प्रभु आजाऱ्यांस बरे करतो असे आपण शिकविता. मग आम्ही प्रार्थनेवर विसंबून सुई सोडावी, की सुई घेऊन आमचा विश्वास उणा आहे असे कबूल करावे? येथे उपदेशकाच्या एका शब्दावर मुलाचा जीव अवलंबून असतो. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार आम्ही आज जरा विस्ताराने करणार आहो.

प्रथम रोग कसला आहे हे समजून घेतले पाहिजे. लघवी मधासारखी गोड होते व तिला मुंग्या लागतात, हे आपल्या जुन्या वैद्यांनी फार पूर्वीच टिपून ठेवले होते. परंतु मुलांस पुष्कळदा जो होतो, ज्यास डॉक्टर पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, त्याची गोष्ट निराळी आहे. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते. तीतील काही सूक्ष्म पेशी इन्सुलिन नावाचा रस तयार करतात, व त्या रसाच्या योगाने अन्नातील साखर रक्तातून शरीराच्या निरनिराळ्या भागांत शिरते. रोगजंतूंशी लढण्यासाठी देवाने शरीरात जे सैन्य ठेविले आहे, तेच ह्या रोगात ह्या पेशींवर उलटते व त्यांचा नाश करते. मग रक्तात साखरेचा पूर, आणि शरीर मात्र उपाशी. कोठार धान्याने भरलेले, पण किल्ली हरवलेली, अशी दशा होते. शरीर आपलीच चरबी जाळू लागते, त्यामुळे रक्तात आम्ल साचते, श्वास जड व जलद होतो, आणि उपाय न झाल्यास थोड्याच दिवसांत मरण येते. हा रोग गूळ-साखर खाल्ल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, आणि आईने काही पथ्य मोडले म्हणून मुलास झाला असेही नाही.

शेवटले वाक्य आम्ही मुद्दाम लिहिले आहे. सुईचा प्रश्न तोंडावाटे येण्यापूर्वी दुसरा एक प्रश्न पुष्कळ घरांत मनातल्या मनात सलत असतो, की हे कोणाच्या पापाचे फळ? जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी प्रभूस हेच विचारले होते, आणि त्या मनुष्याचे पाप व त्याच्या आईबापांचे पाप ही दोन्ही कारणे प्रभूने नाकारिली. ज्यांच्या वाडवडिलांस गावकुसाबाहेर ठेवून, हे तुमच्या पूर्वकर्माचे फळ आहे असे पिढ्यान्पिढ्या सांगण्यात आले, त्या आपण तरी तोच हिशेब एका आजारी लेकराच्या उशाशी बसून मांडू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ जमिनीवर बसले, तोवर ते मित्र होते. पुढे ते बोलू लागले!

आता मुख्य प्रश्न. सुई सोडावी असे म्हणणारा मनुष्य मूर्ख असतो असे आम्ही समजत नाही. त्याचे म्हणणे असे की, देव सर्वसमर्थ आहे. तो औषधावाचून बरे करू शकतो. म्हणून ज्याने त्याच्यावर पूर्ण भाव ठेविला त्याने दुसरा आधार हाती धरणे म्हणजे एक पाय नावेत व एक पाय काठावर ठेवणे होय. ह्यातील पहिल्या दोन गोष्टी आम्हांस सर्वथा मान्य आहेत. तिसरीत चूक आहे, ती ही की, औषध म्हणजे देवाच्या हाताबाहेरचे काही आहे असे तीत गृहीत धरले आहे. शेतकरी पावसासाठी प्रार्थना करितो आणि पेरणीही करितो. त्याचा भाव अर्धा आहे असे कोणी म्हणत नाही. हिज्कीया राजा मरणोन्मुख असता यशयाने त्यास देवाचे वचन सांगितले की तुझे आयुष्य पंधरा वर्षे वाढविले आहे. आणि त्याच यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप बांधावयास लाविले. वचन मिळाले होते, तरी लेप बांधला. पौलाच्या हातून रोगी बरे झाले, तरी तीमथ्याच्या पोटाच्या विकारावर त्याने थोडा द्राक्षारस घेण्यास लिहिले, व आपल्याबरोबर लूक नावाचा वैद्य बाळगिला.

ही सुई आली कोठून तेही पाहावे. १९२२ पूर्वी असे मूल वाचविण्याचा मार्ग जगातील कोणाही डॉक्टराजवळ नव्हता. अगदी थोडे अन्न देऊन, मूल हाडांचा सापळा होईपर्यंत, मरण काही महिने, फार तर दोन-तीन वर्षे, पुढे ढकलीत. १९२१ साली कॅनडा देशातील टोरांटो शहरी फ्रेडरिक बँटिंग ह्या तरुण शस्त्रवैद्याने, चार्ल्स बेस्ट ह्या विद्यार्थ्याच्या मदतीने, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत ह्या रसाचा शोध आरंभिला. बँटिंग हा मेथडिस्ट शेतकऱ्याच्या घरी वाढलेला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलास पहिली सुई दिली, ती साधली नाही, कारण अर्क अशुद्ध होता. जेम्स कॉलिप याने तो शुद्ध केला, आणि २३ जानेवारीस पुन्हा सुई दिली तेव्हा मरणाच्या दारातला तो मुलगा उठला. पुढे तो १३ वर्षे जगला. शोधाचे हक्क त्या तिघांनी टोरांटोच्या विद्यापीठास एकेका डॉलरला देऊन टाकिले. त्यापूर्वीच्या शेकडो वर्षांत किती आईबापांनी आपल्या लेकरांसाठी रडून प्रार्थना केली असेल! त्या प्रार्थनांस मिळालेले हे उत्तर आहे असे आम्ही मानतो. हे उत्तर १९१२ साली का आले नाही, असे त्या साली मूल गमावलेल्या बापाने विचारिले असते तर आम्ही मान खाली घातली असती. आणि ज्यास ह्याचे उत्तर चटकन देता येते त्याच्यापासून सावध राहावे असेही आम्हांस वाटते. परंतु आलेले उत्तर परत करणे ही निराळीच गोष्ट आहे.

तसे प्रत्यक्ष घडले आहे. १९७३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बार्स्टो गावी एक ख्रिस्ती जोडपे आपल्या ११ वर्षांच्या मधुमेही मुलास रोगमुक्तीच्या सभेस घेऊन गेले. मुलासाठी प्रार्थना झाली, तो बरा झाला असे त्यांनी मानिले, व घरी येऊन इन्सुलिन फेकून दिले. मुलगा कळवळू लागला, तेव्हा ही सैतानाने दाखविलेली खोटी लक्षणे आहेत असे त्यांनी म्हटले. काही दिवसांत तो मेला. आईबापांस न्यायालयाने दोषी ठरविले. पुढे बापानेच पुस्तक लिहून, आम्ही आपल्या मुलास मरू दिले, अशी कबुली जगापुढे दिली. हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. जानेवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील टुवूंबा येथे एका लहान पंथाच्या लोकांनी आठ वर्षांच्या मुलीचे इन्सुलिन बंद केले व तिच्याभोवती गाणी गात, प्रार्थना करीत बसले. ती मेल्यावरही, ती उठेल म्हणून प्रार्थना चालूच होती. २०२५ साली आईबापांसह १४ जणांस तिच्या मृत्यूबद्दल दोषी ठरविण्यात आले. ह्यांपैकी कोणाचे त्या मुलांवर प्रेम नव्हते असे आम्हांस म्हणवत नाही. तेच भयंकर आहे.

सैतानाने प्रभूस मंदिराच्या शिखरावर नेऊन खाली उडी टाकावयास सांगितले, तेव्हा देवदूतांविषयीचे वचनही त्याने पुढे केले होते. प्रभूने उडी टाकिली नाही. खाली उतरावयास पायऱ्या असता उडी टाकणे हा भाव नसून देवाची परीक्षा पाहणे आहे. शिवाय बार्स्टोच्या आईबापांनी टाकिलेली उडी त्यांची नव्हतीच; ती त्यांनी मुलास टाकावयास लाविली. स्वतःच्या जिवावर कोणी काय करावे हा प्रश्न आम्ही येथे घेत नाही; दुसऱ्याच्या, आणि तेही लेकराच्या, जिवावर आपला विश्वास सिद्ध करून दाखविण्याची मुभा पवित्र शास्त्र कोणासही देत नाही.

कोणी म्हणेल, देवाने खरोखरच बरे केले असेल तर? तर रक्त तपासावे. कुष्ठरोग्यांस शुद्ध केल्यावर प्रभूने त्यांस याजकांकडे जाऊन दाखवावयास सांगितले. खऱ्या चमत्कारास तपासणीचे भय नसते. येथे एक गोष्ट प्रत्येक उपदेशकाने ध्यानात ठेवावी. सुई सुरू झाल्यावर पुष्कळ मुलांच्या स्वादुपिंडातील उरल्यासुरल्या पेशी काही काळ सावरतात, आणि काही आठवडे किंवा महिने इन्सुलिन अगदी थोडे पुरते. मूल टवटवीत दिसते. नेमक्या त्याच वेळी प्रार्थनासभा झालेली असेल तर सर्वांस वाटते की रोग गेला. तो गेलेला नसतो. त्या पेशी पुढे संपतात, आणि त्या वेळी सुई हाती नसली तर मूल दगावते. मात्रा कमी करावी की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावे. अरण्यात इस्राएल लोकांस मान्ना रोजचा रोज वेचावा लागे. उद्याचा साठविला तर त्यात किडे पडत. रोज वेचावा लागला म्हणून तो देवाने दिला नाही असे कोणी म्हटले नाही. तरुणांनी आपल्या रोजच्या सुईकडे तसे पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

पण तरुण मनुष्य नेहमी धर्मविचारानेच सुई सोडतो असे नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी त्यास सर्वांसारखे व्हावयाचे असते. मित्र रसवंतीवर उभे आहेत, आणि ह्याने बोटास टोचून रक्त पाहावयाचे! मग तो एक दिवस सुई टाळतो, दुसऱ्या दिवशी टाळतो, घरी खोटे सांगतो. त्याला अविश्वासी किंवा हट्टी म्हणून मंडळीत उभे करू नये. त्याला राग येतो, देवाचाही येतो. तो राग त्याने प्रार्थनेत देवासमोर बोलून दाखवावा, जसा ईयोबाने दाखविला. पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. त्याचा भाव कमी पडला असे आपण म्हणत नाही, मग आपल्या गावच्या मुलाविषयी ते कसे म्हणावे?

आता लपविण्याविषयी थोडे. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याची मुलगी व एका बाप्तिस्ट पाळकाची नात. १९१९ साली, अकरा वर्षांची असता, तिला हा रोग झाला. १९२२ च्या ऑगस्टात ती बँटिंगकडे आली तेव्हा पंधरा वर्षांच्या त्या मुलीचे वजन सुमारे ४५ पौंड, म्हणजे वीस किलो, उरले होते. इन्सुलिनवर ती वाचली, लग्न केले, मुले झाली, आणि १९८१ पर्यंत जगली. परंतु आपला रोग तिने जन्मभर लोकांपासून लपवून ठेविला. इतक्या थोर घरच्या मुलीस जर इतकी लाज वाटली, तर आपल्या वाडीतील मुलीस किती वाटत असेल! आम्ही तिला दोष देत नाही. आपले दुखणे चव्हाट्यावर मांडण्यास कोणी बांधलेला नाही. पण मौन व असत्य ह्यांत भेद आहे, आणि ज्यास जाणण्याचा अधिकार आहे त्याच्यापाशी मौन हेच असत्य होते. शाळेच्या गुरुजींस माहीत असले पाहिजे, सोबत्यास माहीत असले पाहिजे, आणि लग्न ठरण्यापूर्वी त्या दुसऱ्या माणसास व त्याच्या घरास सांगितलेच पाहिजे. मुलीचे आईबाप म्हणतात, सांगितले तर स्थळ जाईल. जाईलही. पण न सांगता दिलेली मुलगी सासरी चोरून सुई घेते, एखादे दिवशी तेही जमत नाही, आणि तिचा जीव धोक्यात येतो. नीट उपचार घेणाऱ्या स्त्रीस संसार करता येतो व मुले होतात, हे पाळकांनी दोन्ही घरांस बसवून सांगावे. मुलाचा रोग असला म्हणजे स्थळ सहज जुळते आणि मुलीचा असला म्हणजे मोडते, हा तराजू आपण कोठून आणिला हेही त्यांस विचारावे.

आपल्या मराठी मुलखात सुवार्ता आणि दवाखाना ही दोन्ही बरोबरच आली. मिरजेस १८९४ साली रुग्णालय उघडणारे डॉ. वानलेस हे कॅनडातच जन्मलेले. आणि जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून गावच्या अल्पशिक्षित बायांस आरोग्याचे काम शिकविले. तेव्हा उपदेशकांनीही थोडे शिकून घ्यावे. सुई घेणाऱ्या मुलास घाम सुटला, हात कापू लागले, ते असंबद्ध बोलू लागले, तर बहुधा रक्तातील साखर उतरली आहे. त्यास ताबडतोब साखरेचे पाणी किंवा गूळ द्यावा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यावे. अशा मुलास उपवास-प्रार्थनेत उपाशी बसवू नये. त्याने जेवून यावे आणि मग प्रार्थना करावी. नाताळच्या करंज्या वाटताना त्यास वगळून डोळ्यांत पाणी आणू नये. किती खावे व सुई किती घ्यावी हे त्याचे त्याला शिकविलेले असते. ज्या घरी शीतकपाट नाही तेथे एका मडक्यात दुसरे मडके ठेवून, मध्ये ओली वाळू भरून, आतल्या मडक्यात औषधाची बाटली झाकून ठेवितात. बाटली पाण्यात भिजू देऊ नये, उन्हात ठेवू नये, आणि मे महिन्यात वाळूवर दिवसातून दोनदा पाणी शिंपडण्याचे काम मंडळीतील एखाद्या शेजाऱ्याने आपल्याकडे घ्यावे.